दारू सोडण्यासाठी जळगाव जिल्ह्यात ए.ए.चा ग्रुप कसा शोधायचा? गावात कळलं तर?

तुम्ही विचारलंय की मोठा भाऊ रोज पितो, चोपड्याच्या जवळपास अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा (ए.ए., म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा) ग्रुप कसा शोधायचा, तिथे काय करतात, आणि गावात कळलं तर धाकट्या बहिणीच्या लग्नाचं काय. शेवटचा प्रश्न वाचला म्हणूनच लिहायला बसले.

गावाला माहीत आहे हो. बाजाराच्या दिवशी स्टँडवर पडलेला माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याचं पिणं झाकायला कोणी जात नाही, पण तो सोडायला निघाला की घरच्यांना इज्जत आठवते.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. आमचे हे जिनिंगवर कामाला. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की हातात पैसा, आणि पैशामागे बाटली. आमच्या जेठांचं एकच म्हणणं, माळ घाल. यांनी घातली. मी माळेच्या विरोधात नाही, माझे वडील वारकरी, मुक्ताईनगरला पायी जायचे. पण हे संध्याकाळी माळ काढून देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवायचे, पिऊन यायचे आणि सकाळी आंघोळ करून तीच माळ परत गळ्यात. खिळ्यावर माळ दिसली की मी समजायचे, आज पोरांना लवकर जेवू घालून झोपवायचं. जेठांना ती खिळ्यावरची माळ दाखवली, तर म्हणे त्याची श्रद्धा कमी पडते.

मग सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी जळगावच्या मीटिंगचा पत्ता दिला आणि घरात रणकंदन झालं. घरातलं चव्हाट्यावर मांडणार का? त्यात मीटिंग चर्चच्या आवारातल्या खोलीत, म्हणजे बाटवतील. सासूबाईंचं ‘लोके काय म्हनतीन’ वेगळंच. मी यांना भुसावळ पॅसेंजरमध्ये बसवलं आणि शेजारी बसले.

तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि चहा होता. आडनाव कोणी विचारलं नाही, फी नाही, नोंद नाही. झोळी फिरते, वाटलं तर टाका. एकेक जण नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि स्वतःचं बोलतो. मध्ये कोणी तोंड घालत नाही. एक रिक्षावाले बोलले. काय बोलले ते लिहिणार नाही, तिथलं तिथेच ठेवायचं असतं. हे तोवर मान खाली घालून चपलेचा अंगठा कुरतडत होते. रिक्षावाल्यांचं ऐकता ऐकता हात थांबला, मान वर झाली. इतक्या वर्षांत दारूचा विषय निघाल्यावर यांनी कोणाच्या डोळ्यांत पाहिलेलं मला आठवत नाही.

श्रद्धा कमी पडते म्हणणाऱ्यांसाठी सांगते. ही ए.ए.ची चळवळ १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये सुरू झाली ती दोन पिणाऱ्यांमुळे. एक शेअर बाजारातला, दुसरा सर्जन. त्या डॉक्टरला स्वतःची दारू सोडवता येत नव्हती, ती दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलून सुटली. दारू सोडण्यासाठी ए.ए.त ज्या बारा पायऱ्या सांगतात त्यांत देव येतो, पण ज्याला जसा समजेल तसा. आमच्या यांनी विठ्ठल धरला. मधे एकदा घसरले, ग्रुपमध्ये त्याला स्लिप म्हणतात, आणि पुन्हा जाऊन बसले. आता माळ गळ्यातच असते. जेठ गावभर सांगतात, माळेने सुटली. मग आधी का सुटली नव्हती, ह्याचं उत्तर त्यांनी मला अजून दिलेलं नाही. तुमच्याही घरात असा एक मोठा माणूस असेलच. त्याची परवानगी मागत बसू नका.

शोधायचं म्हणाल तर सरकारची १४४४६ ही नशामुक्ती हेल्पलाइन फुकट आहे. जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी, जवळचं व्यसनमुक्ती केंद्र, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेला कोणी ओळखीचा असेल तर तो, ह्यांना ग्रुप माहीत असतात. निघण्याआधी फोन करा, वार आणि जागा बदलतात. चोपड्याहून जाणं जमत नसेल तर मोबाइलवरही मीटिंगा चालतात, पण सुरुवात समोरासमोर करा. आणि तुम्ही स्वतः अल-अनॉनला जा, ते घरच्यांसाठी असतं. पिणाऱ्याची उधारी मी फेडायची नाही, मालकाला तब्येत बरी नाही असं खोटं कळवायचं नाही, हे मी तिथे शिकले.

एक राहिलंच, आणि ते महत्त्वाचं आहे. भाऊ सकाळपासून पीत असेल, हात थरथरत असतील, तर घरात कोंडून एकदम बंद करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येते, भास होतात, माणूस दगावू शकतो. आधी दवाखाना, मग ग्रुप. ‘न सांगता दारू सोडवा’वाल्या पुड्या भाजीत कालवू नका. त्यातल्या काही औषधांवर दारू पोटात गेली की बीपी एकदम खाली येतं. आणि पहिला ग्रुप पटला नाही तर दुसरा बघा, सगळीकडची माणसं सारखी नसतात.

पहिल्या दिवशी त्याला एकट्याला पाठवू नका. मीटिंग ओपन आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. ओपन असेल तर घरच्यांना आत बसता येतं, क्लोज असेल तर तुम्हाला बाहेर थांबावं लागेल. आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधीच बघून ठेवा.