फोटो आला, बाळ कधी येणार?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एक काकू दत्तकाबद्दल विचारायला आमच्याकडे आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा-सून कॅनडात, दोघंही भारतीय नागरिक. दत्तकासाठी भारतात नोंदणी केली, वाट पाहून पाहून शेवटी विदर्भातल्या एका दत्तक संस्थेतल्या मुलीचा फोटो आला. दोघांनी लगेच होकार कळवला. त्यालाही पाच महिने झालेले. काकूंनी पिशवीतून हाताने शिवलेलं झबलं काढून टेबलावर ठेवलं. "ताई, फोटो आला तेव्हा शिवलं. आता तिच्या हातात बाह्या चढायच्या नाहीत. कुणाला काही द्यावं लागतं का हो? फाईल अडवून ठेवलीय का?"

हा प्रश्न दत्तकाच्या जवळजवळ प्रत्येक घरात कुणी ना कुणी विचारतंच. उत्तर स्पष्ट आहे: ठरलेलं शुल्क भरायचं, पावती घ्यायची. त्याच्या वर एक रुपयाही नाही. मुलाच्या बदल्यात पैशांची देवाणघेवाण हा बाल न्याय कायदा, 2015 खाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे, देणाऱ्यासाठीसुद्धा.

पण नुसतं "धीर धरा" म्हणूनही भागत नाही. वाट पाहणं दोन प्रकारचं असतं. होकारापूर्वीची वाट ही रांगेची. कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, तिच्या पोर्टलवरचा तुमचा नंबर कुणाच्या ओळखीने पुढे सरकत नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीयांना इथल्या पालकांच्या बरोबरीनेच धरतात. होकारानंतरची वाट मात्र कागदांची. तिथे विचारायचा प्रश्न एकच: आज फाईल कुणाच्या टेबलावर आहे, आणि कोणत्या कागदासाठी थांबली आहे?

काकू दोनदा नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन आल्या होत्या. तिथे ती फाईल असणारच नव्हती. आदेश देतात ते मूल ज्या जिल्ह्यातल्या संस्थेत आहे तिथले जिल्हाधिकारी. 1 सप्टेंबर 2022 पासून हा अधिकार न्यायालयाकडून त्यांच्याकडे आला, त्यामुळे "आधी वकील गाठा" हा सल्लाही आता जुना झाला. शिवाय त्यांच्याकडे फाईल जाण्याआधी दोन टप्पे असतात. पालक राहतात त्या देशाच्या प्राधिकरणाने हेग करारातल्या (देशादेशांमधल्या दत्तकाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) कलम 5 आणि 17 प्रमाणे संमतीपत्र द्यायचं, कॅनडात हे काम प्रांताकडे असतं. मग कारा ना-हरकत देते. त्यानंतर संस्थेचा अर्ज, आणि अर्जापासून दोन महिन्यांत आदेश ही कायद्याची मुदत.

काकूंसमोरच मुलाला व्हिडिओ कॉल लावला. दहा मिनिटांत उलगडा झाला. अडलं होतं ते प्रांताच्या पत्रापाशी. मधल्या काळात दोघांनी घर बदललं, पण तिथल्या दत्तक एजन्सीला कळवलंच नव्हतं. गृहभेट अहवालात जुना पत्ता, आणि अहवाल अद्ययावत झाल्याशिवाय पत्र निघणार नव्हतं. घर, नोकरी, आजारपण, घरात राहायला आलेलं माणूस, काहीही बदललं की त्याच आठवड्यात लेखी कळवायचं. नावांचाही घोळ होता. सुनेच्या पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. मुलाच्या मधल्या नावातलं 'ज्ञानेश्वर' पासपोर्टवर इंग्रजी 'डी'ने सुरू होत होतं, लग्नाच्या दाखल्यावर 'जी'ने. आपल्याकडे ही चूक फार घरांत सापडते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलं तर पुढचे आठवडे वाचतात. तीच काळजी आदेश हातात पडल्यावर घ्यायची: तिथल्या तिथे प्रत्येक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहायचं, कारण त्या आदेशावरूनच जन्मदाखला निघतो आणि मग बाळाचा पासपोर्ट.

इतकं झालं तरी मूल लगेच विमानात बसत नाही. काराचं, हेग करारातल्या कलम 23 चं प्रमाणपत्र लागतं, आणि कॅनडाची प्रवेशाची परवानगी ही वेगळीच प्रक्रिया. ती दत्तक पूर्ण होण्याआधी सुरू करता येते, आणि करावीच. नाहीतर आई-बाप भारतात, मूल मांडीवर, आणि व्हिसा नाही अशी वेळ येते. म्हणून परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढायचं, आणि दोघांपैकी एकाची रजा लांबवता येईल का हे ऑफिसात आधीच विचारून ठेवायचं.

एक गोष्ट काकूंना जड गेली. मुलीचा फोटो त्यांनी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. आदेश होईपर्यंत ती कायद्याने संस्थेच्या ताब्यातली आहे आणि संरक्षणातल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने मनाई आहे. त्यांनी तिथेच बसून ग्रुपवरचा फोटो काढला, डोळे पुसले.

मग आम्ही त्यांना करण्याजोगं काम दिलं. मुलाने संस्थेला लिहून मुलीचा दिनक्रम मागवायचा: किती वाजता झोपते, थोपटून की पाळण्यात, वरण-भात मऊ लागतो का, कोणत्या नावाने हाक मारतात. घर, आई-बाबा आणि आजीच्या फोटोंचा लहानसा अल्बम संस्थेची परवानगी घेऊन पाठवायचा, म्हणजे चेहरे ओळखीचे होतील. काकूंनी मऊ सुती कापडाची एक गोधडी शिवायला घेतली. तिला मापाची अडचण नव्हती.