चारही चाकांना जोर आणि खाली बर्फ

थंडी सुरू झाली की या सदराकडे बर्फातील गाडीविषयी पत्रे येऊ लागतात. या वेळी त्यांतील पाच निवडली आहेत. पहिल्या पत्रातील प्रश्न बाकीच्या सर्व प्रश्नांच्या मुळाशी आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून डेन्व्हरला आलो आणि गेल्या हिवाळ्यात ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळणारी, गाडी घेतली. तेव्हापासून रात्रभर बर्फ पडला की पहाटे उठून एक फेरी मारून यावी, अशी ओढ मला लागते आणि मी तसे करतोही. पत्नीच्या मते हे पोरकट आहे आणि धोक्याचेही आहे. या आनंदात काही चूक आहे का?

उत्तर : आनंदात काहीच चूक नाही, कारण आपल्याला जे जाणवते त्याला भक्कम आधार आहे. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, साधारण 0.8 असतो, दाबून बसलेल्या बर्फावर तो 0.2 ते 0.3 इतका उतरतो आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर 0.1 किंवा त्याहूनही खाली जातो. 30 मीटर त्रिज्येचे एखादे वळण घेतले, तर कोरड्या रस्त्यावर तेथे गाडी सुटायला ताशी 55 किलोमीटरच्या आसपास वेग लागेल, आणि त्या वेगाला चूक झाली तर ती सावरायला वेळ मिळत नाही. तेच वळण बर्फाने झाकलेले असेल, तर ताशी 30 किलोमीटरच्या आसपासच गाडी आपली मर्यादा दाखवू लागते. गाडी केव्हा धरते, केव्हा सोडते, सोडण्याआधी स्टिअरिंग हातात कसे हलके होते, हे सारे बर्फ सायकलच्या वेगाला शिकवतो. पहिल्या पावसात घाट उतरलेल्या माणसाला ही निसरड नवी नसते. पण घाटात शेजारी दरी असते, त्यामुळे तिचा अभ्यास करता येत नाही.

आता चार चाकांविषयी. प्रत्येक टायरजवळ पकडीची एक ठरावीक पुंजी असते आणि ओढणे, वळणे व थांबणे ही तिन्ही कामे त्याच पुंजीतून भागवावी लागतात. केवळ पुढच्या चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीत पुढचे दोन टायर ओढतातही आणि वळवतातही, त्यामुळे बर्फात ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की वळण्यासाठी त्यांच्याजवळ काही उरत नाही आणि नाक सरळ पुढे निघून जाते. चारही चाकांना जोर मिळाला की प्रत्येकावर थोडेच ओझे येते. म्हणूनच वळणातून बाहेर पडताना पाय हळुवार दाबला की गाडी चारही पायांवर उठून चालू लागल्यासारखी वाटते. आपण ज्या फेरीसाठी पहाटे उठता, तिच्यातील सर्वांत गोड क्षण बहुधा हाच असावा. माझा तरी तोच आहे.

मी आपल्याला एक गोष्ट सुचवतो. मालकाच्या परवानगीने एखादे मोठे, रिकामे पार्किंग मिळवा, जेथे दिव्याचे खांब आणि बर्फाखाली दडलेले दगडी कठडे नाहीत. तेथे ताशी 25 किलोमीटर वेगाने एक मोठे वर्तुळ काढा, मग खाली उतरा आणि आपलेच माग वाचा. गाडी नीट वळली असेल तर मागच्या चाकांचे माग पुढच्यांच्या आतल्या बाजूला पडलेले दिसतील. नाक बाहेर निसटले असेल तर पुढच्या चाकांचा माग रुंद आणि खरवडलेला दिसेल, रंधा फिरवल्यासारखा. मागची बाजू फिरली असेल तर मागचे माग पुढच्यांना ओलांडून बाहेर गेलेले असतील. थंडी चांगली कडक असेल तर बुटाखाली बर्फ करकरतो, आणि त्या आवाजात वाकून स्वतःच्या चुका वाचण्याइतका स्वच्छ धडा मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. पुन्हा गाडीत बसून तेच वर्तुळ काढा, आणि नाक निसटू लागले की जास्त जोर देण्याऐवजी पाय किंचित सैल करा. वजन पुढे येते, पुढच्या टायरना पकड मिळते आणि गाडी आत वळते. पाय एकदम काढला तर मागची बाजू हलकी होऊन फिरू लागेल. तेव्हा नजर जेथे जायचे आहे तेथेच ठेवा, हात आपोआप त्या दिशेला जातात.

आपल्या पत्नीचे म्हणणे दोन ठिकाणी अगदी बरोबर आहे. सार्वजनिक रस्ता ही सरावाची जागा नाही, पहाटेसुद्धा नाही, कारण त्या वेळी बर्फ काढणारे ट्रक रस्त्यावर असतात आणि त्यांनी उडवलेल्या बर्फात समोरचे काही दिसत नाही. आणि आनंदाच्या भरात वेग नकळत वाढतो. म्हणून पुढच्या वेळी त्यांनाही बरोबर न्या आणि अर्धा वेळ स्टिअरिंग त्यांच्या हाती द्या. अचानक घसरण झाली तर काय करायचे, हे घरातील प्रत्येक चालकाच्या हातापायांना ठाऊक असले पाहिजे. आपण कोलोरॅडोत राहता हे भाग्यच समजा. स्टीमबोट स्प्रिंग्जला 1983 मध्ये खास बर्फावर गाडी शिकवणारी शाळा सुरू झाली, आणि आय-70 महामार्गालगतच्या जॉर्जटाउनचा तलाव पुरेसा जाड गोठला की त्यावर गाड्यांच्या शर्यती होतात. काठावर उभे राहून त्या पाहिल्या तरी पुष्कळ समजते.

प्रश्न : आम्ही टोरंटोत राहतो. गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह असल्यामुळे हिवाळी टायरची गरज नाही, असे गाडी विकणाऱ्याने सांगितले. चार टायरचा खर्च मोठा आहे. तो खरोखर टाळता येईल का?

उत्तर : टाळू नका. चारही चाकांना जोर मिळाल्याने गाडी निघते छान आणि चढते छान. थांबताना मात्र त्या यंत्रणेचा काही उपयोग नसतो, कारण ब्रेक प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण 12 मीटरमध्ये थांबते. घर्षणांक 0.2 झाला की त्याच गाडीला सुमारे 50 मीटर लागतात, आणि 0.1 झाला की जवळजवळ 100. ब्रेककडे पाय जाण्यापूर्वीचे अंतर यात धरलेले नाही.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी हेच गृहीत धरून चाललो होतो. बारमाही टायर, नवी गाडी, ताजा बर्फ, आणि चढावर बाकीच्या गाड्या जागीच चाके फिरवत असताना मी सहज वर गेलो. माथ्यापलीकडे उतार होता आणि उताराच्या तळाशी लाल दिवा. ब्रेक दाबताच पेडल पायाखाली थरथरू लागले, गाडीचा वेग मात्र तिला हवा तितकाच कमी होत होता, आणि मी चौकाच्या मधोमध जाऊन थांबलो. त्या क्षणी आडव्या रस्त्यावर कोणी नव्हते, एवढ्यामुळेच कोणाला इजा झाली नाही. त्या आठवड्यात मी चार हिवाळी टायर घेतले.

फरक रबराचा आहे. तापमान 7 अंश सेल्सियसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते, तर हिवाळी टायरचे मऊ राहते. त्याच्या पृष्ठभागावरील असंख्य बारीक चिरा बर्फाला धरतात आणि खाचांत बर्फ भरून राहतो. बर्फ बर्फाला चिकटतो, हे हाताने गोळा करून पाहिलेल्या कोणालाही पटेल. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह आहे का ते पाहा. नुसती एम आणि एस (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे पुरेशी नाहीत. आपल्या शेजारच्या क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लावावे लागतात.

टायर चारही एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे आणि दोन जुने लावले तर त्यांच्या घेरात फरक पडतो, पुढची आणि मागची चाके सतत वेगवेगळ्या गतीने फिरतात, आणि त्यांना जोडणारी यंत्रणा तापून खराब होते. ती दुरुस्ती टायरपेक्षा पुष्कळ महाग पडते. हवाही तपासत राहा, कारण तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधील दाब साधारण एक पीएसआयने (हवा भरताना दाब मोजायचे एकक) कमी होतो.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र जानेवारीत नाशिकहून 4×4 गाडी घेऊन मनालीला आणि रस्ता चालू असेल तर अटल बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंत जाणार आहोत. बर्फात गाडी चालवण्याचा हा पहिलाच प्रसंग आहे. काय लक्षात ठेवावे?

उत्तर : प्रथम आपली गाडी ओळखा. थार किंवा जिम्नी यांसारख्या गाड्यांत 4×4 आपण स्वतः जोडायचे असते, आणि जोडल्यावर पुढचा व मागचा दांडा एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापायचे असते. बर्फावर चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात, पण कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसल्याने गाडी अडखळते आणि यंत्रणेवर ताण येतो. म्हणून कोरड्या रस्त्यावर 2एच (दोनच चाकांना जोर), बर्फ लागला की 4एच (चारही चाकांना जोर), आणि खोल बर्फात किंवा तीव्र उतारावर 4एल (चारही चाकांना जोर, पण हळू आणि जास्त ताकदीने). ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) किंवा क्लच हा हिशेब स्वतःच सांभाळतो, तेथे हे काम चालकाला करावे लागत नाही.

मनालीपासून सोलंगपर्यंतचा आणि पुढे बोगद्याच्या दक्षिण तोंडापर्यंतचा रस्ता चढाचा आहे. ते तोंड सुमारे 3,060 मीटर उंचीवर आहे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी खुला झालेला हा 9.02 किलोमीटरचा बोगदा ओलांडला की हवा क्षणात पालटते, आणि दक्षिणेकडे ऊन असताना लाहौलच्या बाजूला हिमवर्षाव चालू असू शकतो. बर्फ पडत असताना पोलीस 4×4 किंवा पकडीसाठी चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात आणि अनेकदा त्यांनाही थांबवतात. त्यांनी परत फिरा म्हटले तर वाद न घालता परत फिरा.

आपल्याकडील टायर बर्फासाठी बनवलेले नसतात, म्हणून साखळ्या बरोबर घ्या आणि त्या बसवण्याचा सराव नाशिकलाच, अंगणात, हातमोजे घालून दोनदा करा. पांढऱ्या बर्फापेक्षा सकाळच्या काळ्या, ओल्या दिसणाऱ्या रस्त्याला जास्त जपा. सावलीतील वळणे, नाल्यांचे पूल आणि रस्त्यावर पाझरणारे पाणी यांच्यावर रात्री पातळ, पारदर्शक थर गोठतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. उतरताना आधीच खालचा गिअर टाका आणि इंजिनालाच गाडी रोखू द्या. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या चौपट अंतर ठेवा. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून अडकतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. गाडी खेळवायची हौस असेल तर ती सोलंगच्या एखाद्या मोकळ्या, सपाट जागी, स्थानिकांना विचारून भागवा. दरीकाठच्या रस्त्यावर नको.

प्रश्न : बर्फासाठी चारही चाकांना जोर देण्याची कल्पना साध्या मोटारगाडीत कोणी आणली? (कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याचे पत्र)

उत्तर : 1966 ची ब्रिटिश जेन्सन एफएफ ही या वाटेवरची पहिली रस्त्यावरची गाडी मानली जाते, पण ती जेमतेम 320 तयार झाली. सर्वसामान्यांपर्यंत ही सोय जपानच्या सुबारूने नेली. तोहोकूच्या बर्फाळ मुलुखातील वीज कंपनीला तारांच्या देखभालीसाठी जीपपेक्षा आरामशीर वाहन हवे होते; त्या मागणीतून 1972 मध्ये लिओनी ही चारही चाकांना जोर मिळणारी इस्टेट गाडी बाजारात आली.

मला विशेष आवडणारी हकिगत मात्र ऑडीची आहे. 1976-77 च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये चाचण्या चालू असताना फक्त 75 अश्वशक्तीची इल्टिस ही चारही चाकांना जोर मिळणारी लष्करी गाडी अधिक ताकदीच्या, पुढच्या चाकांच्या गाड्यांना बर्फात मागे टाकते, हे अभियंता यॉर्ग बेन्सिंगर यांच्या ध्यानात आले. तीच कल्पना ऑडीने मोटारगाडीत आणली. जानेवारी 1978 मध्ये या नव्या यंत्रणेची गाडी ऑस्ट्रियातील टुराखर होहे या घाटावर नेण्यात आली, आणि 23 टक्के चढाव असलेला तो बर्फाळ रस्ता ती साखळ्यांवाचून, चक्क उन्हाळी टायरवर चढून गेली. क्वाट्रो या नावाने ती मार्च 1980 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या मिशेल मूटों यांनी तिच्यातून सानरेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतील फेरी जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला.

प्रश्न : घसरणाऱ्या गाडीचे चित्र असलेले बटण बर्फात बंद करावे का?

उत्तर : रस्त्यावर कधीही नाही. हे बटण गाडीचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचे आहे. गाडी तिरकी होऊ लागताच ती यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला सरळ करते, आणि हे काम कोणत्याही चालकाच्या पायाला जमणारे नाही. बंद करण्याचे योग्य प्रसंग दोनच : परवानगीच्या रिकाम्या जागेतील सराव आणि गाडी खोल बर्फात रुतणे. रुतल्यावर चाके जरा फिरावी लागतात, पण यंत्रणा त्यांचा जोर काढून घेते. तेव्हा ती बंद करून गाडी हळूहळू पुढे-मागे झुलवत बाहेर काढावी. त्याआधी खाली उतरून मागे जा आणि सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ हाताने साफ करा. ते तोंड बुजलेले असताना इंजिन चालू राहिले तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, आणि त्याला वास नसतो.