स्पिटफायरच्या १/७२ मॉडेलवर कॅमोफ्लाजच्या दोन रंगांमधली कड नीट कशी आणायची?

तुमची अडचण अशी दिसते: स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मार्क ९ आवृत्तीचं १/७२ किट आहे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. टेप लावून रंगवलं तर हिरव्या-करड्याची सीमा कागद कापून चिकटवल्यासारखी दिसते, आणि टेपशिवाय एअरब्रश (रंगाचा बारीक फवारा मारणारं पेन) फिरवला तर मधे धुरकट पट्टा येतो.

आधी हिशेब करू. खऱ्या विमानावर दोन रंग एकमेकांत विरतात तो पट्टा फार तर इंचभराचा. २५.४ मिमीला ७२ ने भागलं की ०.३५ मिमी येतात. एवढी बारीक कड ०.३ मिमीच्या नोझलने, नुसत्या हाताने, नाकापासून शेपटीपर्यंत सारखी ठेवणं जवळजवळ अशक्य. १/३२ मध्ये तोच इंच ०.८ मिमीचा होतो, तिथे हात चालतो. १/७२ ला मास्क (रंग नको तो भाग झाकणारा आडोसा) लागतोच, फक्त तो पृष्ठभागापासून किंचित उचललेला हवा.

रंगही तपासून घ्या. ब्रिटनच्या लढाईतल्या (१९४०) फोटोंवरून बरेच जण हिरव्याबरोबर मातकट तपकिरी आणतात. ऑगस्ट १९४१ मध्ये त्या तपकिरीच्या जागी ओशन ग्रे आला, कारण तोवर लढाऊ विमानं इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सवर, उंचावरून जायला लागली होती. मार्क ९ आला १९४२ मध्ये, म्हणजे युरोपातल्या मार्क ९ ला वर डार्क ग्रीन आणि ओशन ग्रे, पोटाला मीडियम सी ग्रे. तामियाच्या अॅक्रिलिकमध्ये हे अनुक्रमे एक्सएफ-८१, एक्सएफ-८२ आणि एक्सएफ-८३. छोट्या मॉडेलवर रंग गडद वाटतात म्हणून पांढरा मिसळायचा सल्ला सर्रास मिळतो. मी हिरव्यात थोडा मिसळतो, ओशन ग्रेमध्ये नाही, कारण तो उजळला की पोटाच्या रंगाजवळ जातो आणि बाजूने पाहताना दोन करडे वेगळे कळत नाहीत.

क्रम असा ठेवा. भांड्याच्या साबणाने धुऊन प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर). मग पंखांच्या पुढच्या कडेची पिवळी पट्टी, पांढऱ्यावरच. करड्यावर पिवळा बसायला इतके कोट लागतात की कडेला उंचवटा तयार होतो. शेपटीपुढचा स्काय (फिकट हिरवट) रंगाचा पट्टा १८ इंचांचा, म्हणजे तुमच्याकडे ६.३५ मिमी. हे दोन्ही झाकून पोटाचा करडा, पोट झाकून वर सगळीकडे ओशन ग्रे, आणि शेवटी हिरवा. पोट आणि वरचे रंग यांच्यामधली सीमा साध्या टेपने काढली तरी चालते. ओशन ग्रे मारल्यावर निदान एक दिवस थांबा. हाताला कोरडा लागणारा अॅक्रिलिक आतून मऊ असतो आणि मास्कबरोबर सोलून येतो.

आता मुख्य काम. नक्षीचा आराखडा झेरॉक्सवर किटच्या मापाला आणा. पूर्ण पंखांच्या मार्क ९ ची रुंदी ३६ फूट १० इंच, तेव्हा कागदावर टोकापासून टोकापर्यंत १५६ मिमी भरले पाहिजेत (टोकं छाटलेल्या पंखांचं विमान असेल तर हे माप लावू नका). सुरुवातीला नक्षीचे ए आणि बी असे एकमेकांचे आरशातले दोन नमुने होते, मार्क ९ च्या काळात एकच उरला होता. जुन्या विमानाच्या फोटोवरून उतरवत असाल तर ती उलटी नाही ना, एवढं बघा. आराखड्यावरून पेन्सिलीने मॉडेलवर फिकट रेघा काढा.

त्या रेघांवर ब्लू टॅकच्या (भिंतीवर पोस्टर चिकटवायच्या मऊ पुट्टीच्या) वळ्या ठेवायच्या. देवाच्या वाती वळतो तशा तळहातावर वळा, जाडी दीड ते दोन मिमी, सगळीकडे सारखी. नुसत्या टेकवा, दाबू नका. वळी गोल असल्यामुळे तिच्या कुशीखाली फटीत रंगाचा अगदी थोडा फवारा शिरतो, आणि मऊ कड येते ती तिथेच. जाड वळीने कड रुंद होते. दाबून चपटी केली की टेपसारखीच टोकदार. मे महिन्याच्या उकाड्यात ब्लू टॅक आपोआप बसतं, तेव्हा वळण्याआधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. करड्या राहणाऱ्या भागांवर वळीच्या आतून टेपचे तुकडे लावून सगळं झाका.

हिरवा रंग एक भाग, थिनर दीड भाग, दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर चार-पाच सेंटिमीटर. एअरब्रश पृष्ठभागाला काटकोनात धरा. नोझल वळीच्या दिशेने कललं तर रंग खाली घुसतो आणि तुम्हाला नको असलेला धुरकट पट्टा मिळतो. उलट बाजूला कललं तर वळीच्या सावलीत करडी रेघ उरते. गोल धडावर इथेच हात चुकतो, कारण काटकोन सतत बदलत असतो. तिथे मॉडेल फिरवा, हात नाही. एक ओला कोट मारू नका, तीन-चार पातळ मारा. वळ्या तासाभरात काढा. रात्रभर राहिल्या तर तेलकट डाग पडतो.

रंग खरखरीत, धुळीसारखा बसला तर अंतर जास्त झालंय किंवा थिनर कमी, थेंब वाटेतच सुकतायत. ३००० च्या पॉलिश पेपरने पाण्यात हलकं घासा. रंगाला कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले तर तो फार पातळ झालाय किंवा दाब जास्त आहे. कड एखाद्या ठिकाणी बिघडली तर ओशन ग्रे घेऊन उलट बाजूने दुरुस्त करा. त्यासाठी मिसळलेला रंग बाटलीत जपून ठेवा.

डिकल (विमानावरच्या खुणांचे पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर) लावण्याआधी ग्लॉस, म्हणजे चकचकीत वार्निश, मारायला विसरू नका. मॅटच्या (बिनचमक रंगाच्या) खडबडीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक भाग चंदेरी दिसतो. शेवटचा मॅट कोट मुंबई-कोकणात जुलैमध्ये मारणं टाळा, दमट हवेत तो पांढुरका पडतो. पडलाच तर त्यावर ग्लॉसचा पातळ हात मारला की बहुतेक वेळा पांढुरकेपणा जातो, मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी पकडणारा ट्रॅप नसेल तर पावसाळ्याआधी तेवढा घ्या, नाहीतर हिरव्याच्या मधोमध पाण्याचा थेंब येऊन बसतो.