अकरा महिन्यांचा करार आणि नोंदणीचा प्रश्न

प्रश्न : गुंतवणूक म्हणून घेतलेला कल्याणमधील माझा फ्लॅट मी दरमहा 20,000 रुपयांनी भाड्याने दिला आहे. करार अकरा महिन्यांचा असल्याने एजंटाच्या सांगण्यावरून तो केवळ नोटरीकडे केला. आता मुदत संपली, तरी भाडेकरू ‘बघू, सोडतो’ म्हणत राहतो आहे. शिवाय सोसायटी दरमहा 1,000 रुपये ‘भाडेकरू शुल्क’ लावते. काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे आणि तो एजंटांनीच जिवंत ठेवला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याचा, आपण केला तसा करार), मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु आपल्यासाठी खरी अडचण पुढची आहे : कोणत्या अटींवर घर दिले, याबाबत वाद झाल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे अर्ज ऐकण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करून ताबा आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागण्याची सोय कलम 24 मध्ये आहे खरी. मात्र तिथे जाताना हाती नोटरीचा कागद असणे आणि नोंदणीकृत करार असणे यांत मोठा फरक पडतो.

म्हणून भांडण वाढवण्याआधी भाडेकरूसमोर दोन पर्याय ठेवावेत : ठरावीक तारखेला घर सोडण्याचे लेखी द्यावे किंवा नवा करार नोंदवावा. खर्च फारसा नाही. नवा करार दोन वर्षांचा आणि अनामत 1,00,000 रुपये धरली, तर दोन वर्षांचे भाडे 4,80,000 रुपये आणि अनामतीवर दरसाल 10 टक्क्यांनी धरलेले 20,000 रुपये, अशा 5,00,000 रुपयांवर 0.25 टक्के म्हणजे 1,250 रुपये मुद्रांक शुल्क लागेल. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. नोंदणी ऑनलाइन होते आणि सेवा देणारा माणूस लॅपटॉप व अंगठ्याचे यंत्र घेऊन घरीही येतो. (आई-वडील सहमालक असतील, तर हात स्वच्छ धुऊन बसवावे, वयस्कर माणसांचे ठसे यंत्र सहजासहजी घेत नाही.) भाडेकरू दोन्हींना नकार देत असेल, तर मात्र वकिलामार्फत नोटीस पाठवावी. तोवर पाणी किंवा वीज तोडण्याचा मोह टाळावा, कारण त्याने तक्रारदाराच्या जागी आपणच आरोपी व्हाल.

सोसायटीच्या शुल्काचे उत्तर सोपे आहे. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते, म्हणजेच आपले ‘भाडेकरू शुल्क’) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, आणि त्या हिशेबात महापालिकेचे कर धरायचे नसतात. आपल्या बिलात सेवाशुल्क 1,800 रुपये असेल, तर कमाल 180 रुपये होतात. बिल एकदा ओळ न् ओळ वाचून पाहा, कारण पुष्कळ ठिकाणी संपूर्ण बिलावरच 10 टक्के लावलेले आढळतात किंवा, आपल्याकडे दिसते तसा, सभेत ठरवलेला एखादा गोल आकडा असतो. सभेचा ठराव या आदेशावर मात करू शकत नाही. सचिवांना लेखी पत्र देऊन पोच घ्यावी आणि दाद न मिळाल्यास बिलांच्या प्रती जोडून सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करावी.