गोळी झाली, गोष्ट राहिली

"ताई, नवरा ४४ वर्षांचा. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलाय. डॉक्टर म्हणाले, काही महिने. सासूबाई रोज नवा वैद्य शोधतात. यांना गावी गुहागरला जायचंय. मुलगा सहावीत, त्याला काही सांगितलेलं नाही. मी काय करू?" – एक वाचक, पुणे

बाई गं,

चार पानी पत्रात रिपोर्ट आहेत, बिलं आहेत, कोण काय म्हणालं ते आहे. नवरा काय म्हणतो ते मात्र एका ओळीत. माझं बोट तिथेच अडलं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत एकदा जरूर घ्या, पण एकदाच. दहा दारं झिजवण्यात जाणारे दिवस त्याचे आहेत, सल्ला देणाऱ्यांचे नाहीत.

आधी त्याचं दुखणं आवर. कळवळणाऱ्या माणसाशी कसल्या गप्पा? वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजारातला त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, सेंटर १९९७पासून आहे, पैसे घेत नाहीत. तिथे फक्त शेवटी नेतात, हा समज डोक्यातून काढ. उपचार चालू असतानाही जाता येतं. वेदना, मळमळ आटोक्यात आणून घरी पाठवतात. तीव्र वेदनेवरच्या मॉर्फिन या औषधाचं नाव ऐकून दचकू नकोस, त्यासोबत पोट साफ राहायचं औषध तेवढं मागून घे. गावी निघण्याआधी गोळ्या किती दिवसांच्या न्यायच्या, तेही विचार.

मुलाचं म्हणशील, तर तूच लिहिलंयस की हल्ली तो न सांगता अभ्यासाला बसतो, टीव्हीचा आवाज बारीक ठेवतो. कळलंय गं त्याला. विचारायची सोय नाही, एवढंच. दोघांनी मिळून सांगा, आजाराचं नाव घेऊन. रडला तर रडू दे.

माझे हे आजारी होते तेव्हा मी गोळ्यांच्या वेळा वहीत लिहायचे, फार टापटीप. एका संध्याकाळी ते दापोलीच्या बदलीच्या वेळचं काहीतरी सांगायला लागले. "थांबा हो, आधी गोळी," म्हटलं मी. गोळी झाली, गोष्ट राहिली. वही अजून कपाटात आहे. गोष्ट काय होती, मला आजही माहीत नाही.

तेव्हा जा गुहागरला. शाळा पंधरा दिवस बुडू दे. आणि सासूबाईंवर चिडू नकोस. वैद्य शोधणं हे त्यांचं रडणं आहे. त्यांनाही सोबत ने. लेकाला मऊ भात भरवू देत.

तुझी,
ताई