सांगलीच्या उद्योजकाने पोटनिवडणुकीतून दीड वर्षाची खासदारकी घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: कुपवाड एमआयडीसीत फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे, थोडा माल थेट रेल्वेला जातो. उद्या सांगली किंवा साताऱ्याची लोकसभेची जागा मध्येच रिकामी झाली, तर उरलेल्या दीड वर्षासाठी उभे राहावे का आणि एवढ्यात काय साधते?

माझे मत विचाराल तर जरूर उभे राहा, पण आधी धंद्याचे कागद निस्तरा. उद्योजक मतांत हरला तर पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभा राहू शकतो. करारामुळे अर्ज बाद झाला तर त्या निवडणुकीपुरता विषय तिथेच संपतो.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९अ नीट वाचा. सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारचे काम करण्याचा करार तुम्ही स्वतः धंद्याच्या ओघात केलेला असेल आणि तो चालू असेल, तर तुम्ही अपात्र ठरता. खासदारकीसाठी इथे सरकार म्हणजे केंद्र सरकार. त्यामुळे राज्याच्या बांधकाम खात्याची ऑर्डर आड येत नाही, रेल्वेची येते. पुण्याच्या एखाद्या खाजगी कंपनीला तुम्ही कास्टिंग (ओतीव भाग) देता आणि ती पुढे रेल्वेला देते, तर तो करार तुमचा नाही.

फाउंड्री कोणत्या स्वरूपाची आहे यावर पुढचे ठरते. एकट्याच्या मालकीची असेल तर करार सरळ तुमचाच. भागीदारीतही सुटका नाही, कारण फर्म भागीदारांहून वेगळी धरली जात नाही. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर करार कंपनीचा, तुमचा नव्हे. पण निविदा तुमच्या वैयक्तिक नावाने भरली गेली नाही ना, हे मूळ कागदावर पाहा.

माल पूर्ण पोचला, तपासणी झाली आणि फक्त बिल थकले आहे, अशा वेळी करार चालू धरत नाहीत. कायद्यात तसा खुलासा आहे. मात्र शेवटचा हप्ता पाठवायचा राहिला असेल किंवा देखभालीची जबाबदारी बाकी असेल, तर करार संपला म्हणणे कठीण. पात्रता छाननीच्या दिवशी पाहिली जाते. अधिसूचनेनंतर अर्ज भरायला सात दिवस, दुसऱ्या दिवशी छाननी. एवढ्या दिवसांत रेल्वेकडून कामपूर्तीचा दाखला मिळत नाही. तो आधी आणून फाइलला लावा.

आपल्याकडे साखर कारखान्यांमुळे एक शंका हमखास येते: सहकारी कारखान्यातले पद आड येते का? सरकारचे २५ टक्के भांडवल असलेल्या कंपनीचा व्यवस्थापक किंवा सचिव अपात्र ठरतो, पण त्या कलमातून सहकारी संस्था वगळलेल्या आहेत.

बाकी अर्जाचे फार अवघड नाही. अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवणारा मतदार) लागतो, अपक्षाला दहा. नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात पत्नीची, अवलंबितांची आणि एकत्र कुटुंबाची मिळकत, कर्जे, पाच वर्षांची विवरणपत्रे आणि सरकारशी असलेले करारही लिहावे लागतात. एकही रकाना कोरा सोडू नका. देण्यासारखी माहिती नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा.

खर्चाची मर्यादा ९५ लाख. त्यासाठी वेगळे बँक खाते अर्जाच्या आधी उघडा. कंपनीच्या गाड्या फिरवल्या तर त्यांचे भाडेही हिशेबात धरले जाते, आणि उद्योजकांचे हिशेब बहुतेक इथेच चुकतात. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवले जाऊ शकते.

मुदतीचे म्हणाल तर, वर्षाहून कमी काळ उरला असेल तर पोटनिवडणूक घेणे बंधनकारक नसते; एरवी ती सहा महिन्यांत व्हावी लागते. सांगलीत प्रकाशबापू पाटील यांच्या निधनानंतर प्रतीक पाटील २००६ मध्ये असेच निवडून आले आणि २००९ पर्यंतची मुदत त्यांना मिळाली. राज्यसभेत राहुल बजाज २००६ मध्ये प्रमोद महाजन यांच्या रिकाम्या जागेवर अपक्ष म्हणून गेले. तिथेही उरलेलाच काळ, २०१० पर्यंत. साताऱ्याच्या धनजीशाह कूपर यांना तर मुंबई प्रांताची सूत्रे १९३७ साली एप्रिल ते जुलै एवढीच मिळाली. त्यांचे उदाहरण प्रांताचे, पण आपल्या भागातल्या कारखानदाराचे म्हणून सांगितले.

दीड वर्ष म्हणजे साधारण चार अधिवेशने आणि शेवटचे अंतरिम अर्थसंकल्पाचे छोटेसे. त्यात खाजगी विधेयकाच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या विधेयकाच्या, मागे लागू नका. आजवर अशी १४ विधेयके मंजूर झाली, शेवटचे १९७० साली. शिवाय लोकसभा विसर्जित झाली की तुमचे विधेयक बुडते.

प्रश्न विचारणे हेच तुमचे हत्यार. पूर्ण १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणून निकालाच्या दिवशीच पहिले दहा प्रश्न तयार हवेत. एका दिवसाच्या यादीत तारांकित (तोंडी उत्तराचे) २० आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) २३० घेतात, तेही सोडतीने. तारांकितातले पहिले काहीच तोंडी होतात. तेव्हा आकडे काढायचे असतील तर अतारांकित बरा.

प्रश्न १५० शब्दांच्या आत आणि एकाच मंत्रालयाचा ठेवा. ‘सांगलीच्या हळदीवर अन्याय होतो हे खरे आहे काय?’ असे विचाराल तर ‘नाही’ एवढेच उत्तर येईल. त्यापेक्षा असे विचारा: २०२५ मध्ये निजामाबादला मुख्यालय ठेवून सुरू झालेल्या राष्ट्रीय हळद मंडळाने महाराष्ट्रासाठी किती रक्कम मंजूर केली, त्यातली किती खर्च झाली, आणि सांगलीत कार्यालय उघडण्याचा प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे? अशा उत्तराच्या आधारे पुढच्या अधिवेशनात मंत्र्याला धरता येते. ज्या विषयात तुमच्या फाउंड्रीचा पैसा गुंतला आहे, त्यावर बोलण्याआधी सभागृहात तसे सांगा. शपथेनंतर ९० दिवसांत मालमत्तेचे विवरण अध्यक्षांकडे द्यायचे असते, तेही चुकवू नका.

खासदार निधी वर्षाला पाच कोटींचा. आधीच्या खासदाराने कामांना न लावलेली रक्कमही तुमच्याकडे येते, म्हणून पहिल्याच आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयातून शिल्लक विचारा. ज्या संस्थेवर तुम्ही किंवा घरचे कोणी विश्वस्त आहेत, तिला हा निधी देता येत नाही. कामे पहिल्या सहा महिन्यांत सुचवा. मंजुरी, अंदाजपत्रक आणि निविदा यांत वेळ जातो आणि आचारसंहिता लागली की नवे काम सुरू करता येत नाही.

निवृत्तिवेतनाला किमान मुदतीची अट नाही. सध्या ते महिना ३१,००० आहे. मुदतभर स्वतःच्या नावाने केंद्राची एकही ऑर्डर घेऊ नका, कारण ९अ निवडून आल्यावरही लागू राहते. लोकसभा विसर्जित झाल्यावर आडकाठी उरत नाही, पण पुन्हा उभे राहायचे असेल तर पुढची छाननी होईपर्यंत रेल्वेच्या निविदेपासून लांबच राहा.