क्षारपड जमिनीवर प्रबंध घेण्याआधी

सांगली

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

पर्यावरण व्यवस्थापन की मृदाशास्त्र, हा प्रश्न तुझ्या बाबतीत अर्धा सुटलेलाच आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात मृदाशास्त्रातल्या एम.एस्सी.ला कृषीची पदवी लागते, तुझी बी.एस्सी. रसायनशास्त्राची. तेव्हा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र घे आणि प्रबंध मातीवर कर.

विषय मिरज-वाळवा-पलूस भागातली क्षारपड जमीन. उसाला भरमसाट पाणी, खाली निचरा न होणारी काळी माती, वर सरकलेली पाणीपातळी. सगळं घराशेजारी आहे. फक्त लोक क्षारपड म्हणून दाखवतात ती सगळी रानं एका जातीची नसतात. खारवट जमिनीत संपृक्त अर्काची (पाण्यानं पुरती भिजवलेल्या मातीतून ओढून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, सामू (pH) ८.५ च्या आत. चोपण जमिनीत सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम १५ टक्क्यांहून जास्त. काही रानांत दोन्ही दुखणी. जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) चोपणीला, निव्वळ खारवटीला गोड्या पाण्यानं क्षार धुणं हाच उपाय. आणि धुतलेलं पाणी बाहेर न्यायला चर किंवा सच्छिद्र पाईप नसेल, तर जिप्समचे पैसेही मातीतच.

माती परीक्षणाच्या अहवालात वाहकता सहसा १:२.५ (एक भाग माती, अडीच भाग पाणी) द्रावणातली असते. त्यात पाणी जास्त, म्हणून आकडा लहान. तो सरळ ४ शी ताडला की बिघडलेली जमीन कागदावर चांगली ठरते. परीक्षक नेमकं इथेच पकडतात.

नमुने ०-१५, १५-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंमी असे थरानं घे. उन्हाळ्यात क्षार वर चढतात, पावसाळ्यात खाली उतरतात. मे आणि ऑक्टोबरचे आकडे एकाच तक्त्यात मिसळू नकोस. मेमध्ये वाळलेली काळी माती ऑगरला (माती काढायच्या गिरमिटाला) दाद देत नाही, टिकाव सोबत ठेव. पांढरा थर आलेला तुकडा वेगळ्या पिशवीत. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा टाळ. माती सावलीत वाळव.

सेंद्रिय कर्बाची गंमत वेगळीच. वॉकली-ब्लॅक पद्धतीत किती डायक्रोमेट खर्च झालं त्यावरून कर्ब मोजतात, पण क्लोराइडही डायक्रोमेट खातं, त्यामुळे खारवट मातीत कर्ब फुगून दिसतो. सल्फ्युरिक आम्लात १.२५ टक्के सिल्व्हर सल्फेट घाल. ते महाग पडलं तर क्लोराइड वेगळं मोज आणि त्याच्या टक्केवारीचा बारावा भाग कर्बातून वजा कर, पण १.३ नं (या पद्धतीत निसटणाऱ्या कर्बाच्या भरपाईचा गुणक) गुणण्याआधी, नंतर नाही.

विषय नोंदवण्यापूर्वी गाईडना दोनच गोष्टी विचार: अर्क ओढायला व्हॅक्यूम पंप आणि सोडियमसाठी फ्लेम फोटोमीटर चालू आहे का? नसेल तर नमुने बाहेर कुठे तपासायचे आणि दर नमुन्याला किती पडतील, हे आधी ठरव. मग नमुन्यांची संख्या.

उत्तर आलं की कळव.